जुन्या एमजीबीचं इंजिन बांधताना टॅपेट कोणते घ्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा: १९६७ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वडिलांच्या हौसेची. गुहागरला समुद्राच्या अगदी जवळ पत्र्याच्या शेडमध्ये बरेच पावसाळे उभी होती. आता इंजिन बांधायला काढलंय आणि कॅमशाफ्टचे दोन लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) झिजलेले निघाले. मेस्त्री म्हणतात, कॅम नवा घ्या, टॅपेट चांगले दिसतायत, तेच परत घालू. चिपळूणचे एक जाणकार म्हणतात, अ‍ॅम्बॅसिडरचे घाला, एकच इंजिन आहे. इंग्लंडहून मागवायचे तर तीन निरनिराळ्या किमतींचे सेट दिसतायत. यातले कोणते घ्यावेत, आणि जुने चालतील का?

सरळ उत्तर आधी देतो. आठही टॅपेट नवे घ्या. नव्या कॅमबरोबर एकाच ठिकाणाहून घ्या, आणि या कॅमवर कुठल्या धातूचे टॅपेट चालतात ते कॅम विकणाऱ्याकडून लेखी मागून घ्या. जुने टॅपेट नव्या कॅमवर घालू नका, दिसायला कितीही चकचकीत असोत. टॅपेट सुटा निवडायचा नसतो, कॅमच्या जोडीनेच निवडायचा असतो. तुमच्याकडे आलेले दोन्ही सल्ले ही एक गोष्ट विसरून दिलेले आहेत.

तुमच्या गाडीत बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आहे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, टॅपेटमध्ये पुशरॉड नावाची लांब सळई, वर हेडवर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर. टॅपेट म्हणजे तेरा सोळांश इंच व्यासाची, खालून बंद असलेली पोकळ नळी. तिचं बूड लोबवर टेकलेलं असतं आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा जोर त्या बुडावर येतो. स्पर्श होतो तो एका बारीक रेषेएवढ्या जागेत. बेअरिंगमध्ये तेल दाबाने येतं आणि शाफ्ट त्या तेलावर तरंगतो. इथे मात्र क्रँकवरून उडालेलं आणि हेडमधून खाली ओघळलेलं तेल, एवढाच आधार. अख्ख्या इंजिनात धातूवर धातूचा इतका दाब क्वचितच दुसरीकडे कुठे असेल. तरीही चांगली जोडी लाखभर मैल चालते. ती चालते कारण टॅपेट गोल फिरत राहतो.

हे फिरणं नीट समजून घ्या, कारण निवडीचे सगळे निकष त्यातूनच निघतात. टॅपेटचं बूड सपाट वाटतं, पण नवं असताना ते मध्यभागी साधारण दीड-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फुगीर घासलेलं असतं. लोबचा माथाही एका बाजूला किंचित उतरता असतो. त्यामुळे लोब टॅपेटला बरोबर मधोमध न लागता जरा कडेला लागतो, आणि प्रत्येक उचलीला टॅपेट थोडा स्वतःभोवती वळतो. वळला की दर वेळी बुडाचा नवा भाग पुढे येतो, तेल सगळीकडे पसरतं, झीज वाटली जाते. वळायचा थांबला की एकाच पट्ट्यावर घासत बसतो. मग बुडाचा कठीण थर फुटतो, त्याचे कण लोबवर जातात, लोब गोल होत जातो आणि गाडीची ताकद हळूहळू उतरते. तुमच्या दोन लोबचं बहुधा हेच झालंय.

आता जुन्या टॅपेटचं. दुसऱ्याने वर्षानुवर्षं वापरलेली चप्पल आपल्या पायात घातली की कशी होते, तसा जुना टॅपेट नव्या लोबवर होतो. तो आपल्या जुन्या लोबच्या घडणीप्रमाणे झिजलेला असतो. त्याचा फुगवटा गेलेला असतो, पुष्कळदा मध्ये खळगा पडलेला असतो. नव्या लोबवर तो कडेने टेकतो, फिरत नाही, आणि पहिल्या अर्ध्या तासात लोब खाऊन टाकतो. उलट जुना कॅम शाबूत असेल तर त्यावर नवे टॅपेट चालतात. जुना कॅम आणि त्याचेच जुने टॅपेट, ज्याचा त्याच्याच भोकात, हेही चालतं. म्हणून उघडताना पत्र्याच्या डब्यात आठही एकत्र टाकायचे नसतात. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून एक ते आठ आकडे घालून ठेवायचे असतात. नवा कॅम आणि जुने टॅपेट ही एकच जोडी कधीही चालत नाही.

मेस्त्रींना पटवायला शब्द खर्च करू नका, त्यांना दाखवा. दोन टॅपेट रॉकेलने धुवून पुसा. एकाचं बूड दुसऱ्याच्या बुडावर ठेवून हातात धरा, ट्यूबलाइटसमोर. दोन्ही बुडं फुगीर असतील तर वरचा टॅपेट बोटाने किंचित डोलतो, आणि कडेला चहूबाजूंनी केसभर उजेड दिसतो. झिजलेले असतील तर चिकटून बसतात. जास्तच झिजले असतील तर पट्टीची धार बुडावर आडवी धरा, कडा टेकलेल्या आणि उजेड मधून दिसेल. आठाच्या आठ असे बघा. मग बुडावरच्या खुणा बघा. गोल वर्तुळांच्या बारीक रेघा असतील तर तो टॅपेट फिरत होता. सरळ आडवा पट्टा असेल तर फिरत नव्हता. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर थर फुटायला लागलाय. मेस्त्री म्हणतात तसे चांगले दिसणारे टॅपेट या परीक्षेत उतरले तर मला आश्चर्य वाटेल. शिवाय समुद्रकाठचा गंज आहेच. गाडी ज्या स्थितीत बंद केली त्या स्थितीत काही लोब टॅपेटला दाबून उभे राहतात. त्या रेषेवर तेलाचा थर पिळून निघून गेलेला असतो, पावसाळ्यातली ओल तिथे शिरते आणि बुडावर आडवी काळी रेघ खोदून ठेवते. नख फिरवलं तर लागते. ती रेघ पॉलिश करून घालवायची नाही, टॅपेट बाद करायचा.

अ‍ॅम्बॅसिडरबद्दल. सांगणाऱ्याचं मूळ बरोबर आहे. आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बी-सिरीजचंच, आणि एमजीबीच्या आधीच्या एमजीए १५०० मध्येही त्याच मापाचं इंजिन होतं. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मेस्त्रींना तुमचं इंजिन उघडताना परकं वाटणार नाही, हा मोठा फायदा आहे. पण घराणं एक असणं वेगळं आणि भाग बदलून बसणं वेगळं. टॅपेटचा व्यास जुळला तरी उंची, आतल्या खोबणीची खोली, बुडाचा धातू हे सगळं जुळलं पाहिजे. आज बाजारात अ‍ॅम्बॅसिडरच्या नावाने जे टॅपेट मिळतात ते कुणी, कशाचे आणि कुठल्या कॅमसाठी केले याचा पत्ता नसतो. आणि एक सापळा सांगून ठेवतो. दुकानात नुसतं १८०० सीसी अ‍ॅम्बॅसिडर म्हणालात तर समोर येईल ते इसुझूच्या इंजिनाचं सामान. नंतरच्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये आलेलं ते इंजिन ओव्हरहेड कॅमचं, म्हणजे कॅम वर हेडमध्ये असलेलं आहे, त्याचा तुमच्या १७९८ सीसीशी काही संबंध नाही. आकडा सारखा दिसतो म्हणून फसायला होतं.

मागवण्याआधी ब्लॉकवरची इंजिन नंबरची पट्टी वाचा. १९६७च्या बहुतेक गाड्यांवर सुरुवातीची अक्षरं १८जीबी असतात, वर्षाच्या अगदी शेवटच्या गाडीवर १८जीडी असू शकतात. एमजीबीच्या सुरुवातीच्या इंजिनांना लांब टॅपेट आणि आखूड पुशरॉड होते. पुढे १९७२च्या सुमारास १८व्ही मालिकेत टॅपेट आखूड झाले आणि पुशरॉड लांब. दोन्ही जोड्या आपापल्या जागी उत्तम, पण एकमेकांत मिसळायच्या नाहीत. लांब टॅपेटवर लांब पुशरॉड घातला तर गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) सेट करायला जागाच उरत नाही, आणि आखूडवर आखूड घातला तर रॉकर पोचतच नाही. तुमच्या गाडीचं इंजिन साठ वर्षांत कुणी बदललं नसेलच असं नाही. म्हणून पट्टी वाचा, आणि निघालेला एक टॅपेट व एक पुशरॉड व्हर्निअरने मोजून ती मापं ऑर्डरबरोबर पाठवा. आखूड टॅपेट हलके असतात, म्हणून काही जण लांब पुशरॉडसकट तो सेट जुन्या इंजिनात मुद्दाम घालतात. करायचं तर पूर्ण सेट करा. रस्त्यावर फिरवायच्या गाडीला त्याची गरज मला दिसत नाही.

तीन किमतींचा प्रश्न येतो तो इथे. सर्वांत स्वस्त सेट बहुधा खोक्यावर फक्त माप लिहिलेला असतो, धातूचं नाव नाही, करणाऱ्याचं नाव नाही. तो नको. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या इंजिनांचे नवे कॅम लवकर मेल्याच्या ज्या तक्रारी जगभर ऐकू येतात, त्यांत मऊ टॅपेट हे एक ठळक कारण असतं. सर्वांत महाग सेट हलका केलेला किंवा बुडावर काळा कठीण थर चढवलेला असतो. ते शर्यतीसाठी, सात हजार आरपीएमला स्प्रिंग कडक घालून पळणाऱ्या इंजिनासाठी. तुमची गाडी वेळणेश्वर आणि हेदवीच्या चढउतारावर फिरणार, तिला त्याचा काही उपयोग नाही. मधला सेट, म्हणजे कॅम करणाऱ्यानेच आपल्या कॅमसाठी नाव घेऊन सुचवलेला, तो घ्या. त्यात बुडाला सुईएवढं तेलाचं छिद्र असलेले मिळत असतील तर जरूर घ्या. बी-सिरीजमध्ये हेडमधून ओघळणारं तेल टॅपेटच्या पोकळीत साठतं. छिद्र असेल तर ते थेंबाथेंबाने बरोबर लोबवर पोचतं, विशेषतः गाडी मंद चालू असताना, जेव्हा क्रँकवरून तेल फारसं उडत नाही.

धातूबद्दल एवढं लक्षात ठेवा. मूळ पद्धतीचा टॅपेट चिल्ड कास्ट आयर्नचा असतो. ओतताना बुडाच्या जागी साच्यात थंड धातू ठेवतात, रस तिथे झटकन गोठतो आणि बुडाला पांढरा, अतिशय कठीण थर तयार होतो. वरची भिंत तुलनेने मऊ राहते. बुडाचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर साधारण ५५ ते ६० असायला हवा. कॅम स्टीलचा असेल तर त्यावर असे चिल्ड टॅपेट लागतात, साधं स्टील साध्या स्टीलवर घासलं की एकमेकांना ओरबाडतं. कॅम कास्ट आयर्नचा असेल तर तो कुठल्या प्रकारचा आणि कसा कठीण केलाय यावर टॅपेट ठरतो, आणि ते फक्त कॅम करणाराच सांगू शकतो. म्हणूनच लेखी मागा म्हणालो.

आणि आठ नाही, नऊ मागवा. नववा तपासणीसाठी. कठीणपणा मोजताना हिऱ्याचं टोक बुडात बारीक खळगा करतं, तो खळगा वापरायच्या टॅपेटवर नको. कोल्हापूरला उद्यमनगर किंवा शिरोलीत फाउंड्रीवाल्यांकडे रॉकवेल यंत्र असतं, नऊच्या नऊ त्यांच्यासमोर ठेवून एक त्यांनाच उचलायला सांगा. तुमचा क्रँक ग्राइंडिंगला घाट चढून कोल्हापूरला जाणारच असेल, तर हे काम त्याच फेरीत होतं. यंत्र मिळालंच नाही तर नवी बारीक कानस नवव्याच्या बुडाच्या कडेला चालवून बघा. चांगल्या टॅपेटवर कानस घसरते, आवाज काचेसारखा येतो. दात धरला आणि लोखंडाचा कीस निघाला तर अख्खा सेट परत.

कुणी म्हणेल, नवा कॅम कशाला, जुन्याच कॅमचे लोब ग्राइंड करून घेऊ. काम करणारा ओळखीचा असेल तरी दोन गोष्टी आधी विचारा. ग्राइंड केल्यावर कठीण थर किती उरेल आणि त्यावर नायट्रायडिंगसारखी, पृष्ठभाग कठीण करणारी प्रक्रिया करून देणार का. आणि लोबच्या माथ्याचा तो किंचित उतार परत घासून देणार का. डिझेल इंजिनांच्या कॅमचं काम रोज करणारे कारागीरही माथा सपाट घासून देतात. वरच्या प्रोफाइलचं माप अचूक येतं, डायल गेजवर सगळं ठीक दिसतं, पण टॅपेट फिरत नाही. तुमचे दोन लोब इतके झिजलेत की मी त्या वाटेला जाणार नाही. नवा कॅम काळपट दिसेल, ती फॉस्फेटची परत आहे, तेल धरून ठेवायला मुद्दाम दिलेली. चकाकी यावी म्हणून कुणी त्यावर एमरी पेपर मारू लागला तर त्याचा हात धरा.

ब्लॉकमधली टॅपेटची भोकंही बघून घ्या. सहसा ती फार झिजत नाहीत. भोक साफ करून, तेल लावून नवा टॅपेट वर धरून सोडा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे, आणि बोटाने गोल फिरवला तर कुठेही अडता कामा नये. धाडकन पडला तर फट जास्त आहे. दीड-दोन थाऊपर्यंत चालतं, त्याहून फार जास्त असेल तर बुश घालून रीम करावं लागेल. अडकत असेल तर बहुतेक वेळा भोकाच्या वरच्या काठावर गंज किंवा जुन्या तेलाचं किटण असतं. लाकडी दांड्याला कापड गुंडाळून रॉकेलने साफ करा, होन मारायची घाई नको. पुशरॉड काचेवर लोळवून वाकलेत का बघा, आणि त्यांची खालची गोळी तपासा. नव्या टॅपेटमध्ये झिजलेल्या गोळीचा पुशरॉड घालण्यात अर्थ नाही, आठ पुशरॉडचा खर्च फार नाही.

झिजलेल्या लोबचा चुरा कुठे गेला, हाही प्रश्न स्वतःला विचारा. तो तेलाबरोबर सगळीकडे गेला. ऑइल पंप उघडून बघा, ब्लॉकच्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून त्या ब्रशने धुवा, जुनी बेअरिंग परत घालू नका. फक्त कॅम आणि टॅपेट बदलून चेंबर (खालची तेलाची टाकी) लावला तर जुन्या कॅमचा चुरा नव्याला घासत राहील.

आता माझी सर्वांत आवडती तपासणी. बी-सिरीजच्या ब्लॉकला मॅनिफोल्डच्या बाजूला पत्र्याची दोन झाकणं असतात, ती काढली की टॅपेट समोर दिसतात. कॅम, टॅपेट, पुशरॉड, रॉकर सगळं बसवून गॅप सेट केलं, पण मॅनिफोल्ड आणि ती झाकणं अजून लावलेली नाहीत, अशा वेळी प्रत्येक टॅपेटच्या भिंतीवर मार्करने एक उभी रेघ मारा. प्लग काढून ठेवा आणि क्रँक पान्याने सावकाश फिरवा. रेघ वरखाली होतानाच हळूहळू बाजूला सरकताना दिसली पाहिजे. आठही रेघा सरकल्या की समजा जोडी जमली. एखादी रेघ तिथल्या तिथे वरखाली होत राहिली तर पुढे जाऊ नका. तो टॅपेट दुसऱ्या भोकात घालून बघा. रेघ तिथे फिरली तर दोष पहिल्या भोकात किंवा त्या लोबमध्ये आहे, तिथेही नाही फिरली तर टॅपेटमध्ये. जागच्या जागी अर्ध्या तासात कळतं. न बघता चालू केलं तर तेच कळायला अख्खं इंजिन परत उघडावं लागतं. जागा बदलून बघणं फक्त इंजिन चालू होण्याआधीच. एकदा चालू झालं की ज्याची जागा त्याची.

सामान आलं आणि काम पावसाळ्यानंतर करायचं असेल तर ते नीट ठेवा. किनाऱ्यावर उघडं यंत्रसामान चार दिवसांत तांबूस होतं. कॅम आणि टॅपेट इंजिन ऑइल किंवा ग्रीसने माखून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुडाला उघड्या हाताचा घाम लागू देऊ नका. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावून ठेवू नका, ते खवट होतं आणि धातूवर डाग पाडतं.

बसवताना लोबवर आणि टॅपेटच्या बुडावर मॉलिब्डेनमची काळी कॅम पेस्ट लावा, भरपूर. टॅपेटच्या भिंतीला आणि भोकाला मात्र साधं इंजिन ऑइल. पेस्ट तिथे गेली तर फिरणं जड होतं.

तेलाची निवड टॅपेटच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. सपाट टॅपेटला वाचवतं ते झेडडीडीपी नावाचं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. दाबाखाली ते धातूवर बारीक संरक्षक थर तयार करतं. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतात, म्हणून नव्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात ते कमी केलं गेलं. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) २००४च्या एसएम आणि २०१०च्या एसएन दर्जात पातळ ग्रेडच्या तेलांना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के आहे. नव्या कारसाठी घेतलेलं महागडं पातळ सिंथेटिक तुमच्या एमजीबीला म्हणूनच नको. मूळ शिफारशीप्रमाणे २०डब्ल्यू-५० मिनरल तेल घ्या, ज्याच्या माहितीपत्रकात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण लिहिलेलं असेल असं. पहिल्या चालवणीसाठी खास रनिंग-इन तेल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ट्रक-ट्रॅक्टरसाठी मिळणारं सीआय-४ प्लस दर्जाचं १५डब्ल्यू-४० डिझेल तेल चांगलं काम करतं, त्यात हे संयुग बहुधा जास्त असतं. खेडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही तेलाच्या दुकानात मिळेल. वरून आणखी बाटल्या ओतून जस्त वाढवत बसू नका, प्रमाणाबाहेर गेलं तर तेही धातूला मानवत नाही.

पहिल्यांदा चालू करायचा दिवस सगळ्यांत जोखमीचा. नवी जोडी एकमेकांवर बसते ती पहिल्या वीस मिनिटांत, आणि बिघडतेही तेव्हाच. आधी रॉकर शाफ्ट काढून ठेवा, प्लग काढा, आणि स्टार्टरने फिरवून तेलाचा दाब आणा. रॉकर नसल्यामुळे लोबवर स्प्रिंगचा भार नसतो, पेस्ट पुसली जात नाही. हेडमधल्या रॉकरच्या तेलाच्या छिद्रातून तेल वर आलं की वाट मोकळी असल्याची खात्रीही होते. सभोवती फडकी घालून ठेवा. मग रॉकर चढवा. थंड इंजिनाला मूळ कॅमसाठी १५ थाऊ गॅप, नव्या कॅमच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो. सेट करताना नवाचा हिशोब वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करा, सातवा उघडा असेल तेव्हा दुसरा, असं बेरीज नऊ ठेवत जा.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू व्हायला हवं. म्हणून कार्ब्युरेटरच्या वाट्या पेट्रोलने भरलेल्या, टायमिंग लावलेलं, रेडिएटरला पाणी, बॅटरी ताजी, हे सगळं आधी बघा. मिनिटभर स्टार्टर मारत राहिलात तर पेस्ट घासून जाईल. सुरू झालं की लगेच दोन हजार आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटं दोन हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान वरखाली करत ठेवा. आयडलला अजिबात सोडू नका. मंद गतीला लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण भार येतो, क्रँकवरून तेल उडत नाही, आणि नव्या टॅपेटला तीच वेळ जड जाते. नवं इंजिन एवढं ओरडताना ऐकून मेस्त्रींचा जीव वरखाली होईल, त्यांचा हात ॲक्सिलरेटरच्या तारेकडे जाईल. त्यांना आधीच सांगून ठेवा. पाणी गळलं, तेलाचा दाब पडला, काहीही झालं तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा, आणि परत सुरू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा. कडक स्प्रिंग घातल्या असतील तर या वीस मिनिटांपुरती आतली स्प्रिंग काढून ठेवा. मूळ स्प्रिंग असतील तर गरज नाही.

वीस मिनिटांनंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुना फिल्टर कापून कागद उलगडून बघा. काळी पेस्ट आणि थोडी चमक असणारच, चिमटीत टोचणारे कण नसावेत. इंजिन थंड झाल्यावर हेड परत टाइट करा आणि गॅप मोजून वहीत आठ आकडे लिहा. गॅस्केट बसल्यामुळे आठही गॅप थोडे कमी झालेले दिसतील, ते ठीक. एकाच व्हॉल्व्हचा गॅप वाढलेला दिसला, चार-पाच थाऊ, तर तो नुसता परत सेट करून पुढे जाऊ नका. गॅप वाढतो म्हणजे लोब किंवा टॅपेट झिजतोय. बाजूचं झाकण काढून, पुशरॉड उचलून तो टॅपेट बाहेर काढा आणि बूड बघा. बी-सिरीजमध्ये त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही, रॉकर शाफ्ट काढला की पुरे. पहिल्या आठशे किलोमीटरनंतर तेल परत बदला आणि आठ आकडे परत लिहा. दोन्ही वेळचे आकडे एक-दोन थाऊच्या आत जुळले तर जोडी बसली.

त्यानंतर गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करायची सवय मोडा. तेवढ्यात तेल तापत नाही, उलट आत ओल साठते आणि ती थेट टॅपेटच्या बुडावर जाते. महिन्यातून एकदा उघडीप बघून तळीपर्यंत किंवा मोडकाआगरपर्यंत नीट तापेल एवढी चालवा. तेही जमणार नसेल तर जूनच्या आधी तेल बदलून, ताज्या तेलावर इंजिन गरम करून बंद करा आणि गणपतीपर्यंत हात लावू नका.

ऑर्डर देण्याआधी इंजिन नंबर, जुन्या टॅपेट-पुशरॉडची मापं आणि कॅम विकणाऱ्याचं उत्तर पाठवलंत तर सेट बरोबर आहे का ते बघून सांगतो.